रेकॉर्डिंग माझं, कुलूप बॉक्सवाल्याचं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबणार आहे, काटछाट केलीत तरी चालेल, पण विषय छापा एवढीच विनंती.

आमच्या आईच्या भजनी मंडळाला गेल्या आषाढीला एका मराठी चॅनलच्या सकाळच्या कार्यक्रमात घेतलं होतं. बारा बायका, सगळ्यांच्या मोरपंखी साड्या, शूटिंग आधीच झालेलं आणि दाखवणार एकादशीला सकाळी, म्हणून मी आदल्या रात्रीच सेट टॉप बॉक्सला रेकॉर्डिंग लावून ठेवलं, मागे पेन ड्राइव्ह खोचलेला, सकाळी लाल ठिपका पेटला, चाळीस मिनिटं सगळं व्यवस्थित रेकॉर्ड झालं. संध्याकाळी घरात सगळ्यांनी दोनदा बघितलं. मग आई म्हणाली की हे मला माझ्या टॅबवर टाकून दे, गावी गेले की वन्संना दाखवते. आईचा टॅब म्हणजे सात इंची, सिम नसलेला, त्यात कीर्तनं आणि जुनी नाटकं भरून दिलेली असतात, ती त्याला 'माझा चपटा टीव्ही' म्हणते. गावी रेंज म्हणजे नशिबाचा भाग, आणि जाताना कोकण रेल्वेत बोगद्यामागून बोगदे, एकटा करबुडेच साडेसहा किलोमीटरचा, तिथे नेटवर काय बघणार, फाइल टॅबमध्ये असेल तरच चालते. मी म्हटलं दे इकडे, दहा मिनिटांचं काम.

पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला. फाइल दिसते, दीड जीबीची आहे, पण व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये टाकली तर काळा स्क्रीन. कन्व्हर्टरमध्ये (फाइलचा प्रकार बदलणारं सॉफ्टवेअर) टाकली तर म्हणतो यात व्हिडिओच नाही. एरवी जे दुसऱ्या कशातच चालत नाही ते व्हीएलसी चालवतं, तेही गप्प, म्हणजे मामला वेगळा होता. फाइल लॉक केलेली होती आणि किल्ली त्या एका बॉक्सच्या पोटात. चला, निदान घरच्या टीव्हीवर तरी दिसतंय म्हणून सोडून दिलं. पुढे पावसात वीज कडाडली आणि बॉक्स गेला. माणूस आला, जुना काढला, नवा लावला, त्याच कंपनीचा, तेच मॉडेल, त्याच नावावरचं कनेक्शन. नव्या बॉक्सला तोच पेन ड्राइव्ह लावला तर स्क्रीनवर 'हे रेकॉर्डिंग चालू शकत नाही'. कस्टमर केअरला फोन केला तर ताई गोड आवाजात म्हणाल्या, "सर, ते सिक्युरिटी फीचर आहे." जुना बॉक्स परत मागितला तर तो म्हणे स्क्रॅपला गेला. संपलं.

कंपनीचं नाव घेत नाही, कारण एकीला नावं ठेवून काय उपयोग, असे बॉक्स बऱ्याच जणांचे आहेत.

आता मी या कामात नवखा नाही हो. डोंबिवली ते सीएसटी रोजचा सव्वा तास, तोही उभ्याने, त्यामुळे रात्रीचे कार्यक्रम सकाळी लोकलमध्ये बघायची खोड मला फार जुनी. ॲपलने व्हिडिओवाला आयपॉड 2005 मध्ये काढला, अडीच इंची स्क्रीन, 320 बाय 240, पण तो आपल्या खिशाला झेपणारा नव्हता. मी लॅमिंग्टन रोडवरून चायनाचा प्लेअर आणला, त्याला एमपी फोर प्लेअर म्हणायचे आणि गंमत म्हणजे तो एमपी फोर सोडून बाकी चालवायचा. त्याला एएमव्ही नावाची फाइल लागायची, सोबतच्या छोट्या सीडीतल्या कन्व्हर्टरनेच बनवलेली, चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं. कॉम्प्युटरमध्ये टीव्ही ट्यूनर कार्ड (कॉम्प्युटरवर टीव्ही दाखवणारं) टाकलेलं, केबलवाल्याची काळी वायर थेट त्यालाच जोडायची, रेकॉर्ड करायचं, रात्री कन्व्हर्टला लावून झोपायचं आणि पहाटे लाइट गेली की परत पहिल्यापासून. तरी लोकलमध्ये शेजारचे डोकावून बघायचे, एक काका तर रोज ठाण्यापर्यंत माझ्या खांद्यावरून मालिका बघत, एक दिवस मी क्रिकेट लावलं तर रागावले.

मग सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. मुंबईत ऑक्टोबर 2012 अखेर आणि आमच्या कल्याण-डोंबिवलीचा नंबर मार्च 2013 अखेर. चित्र सुधारलं हे खरं, ते नाकारत नाही. पण ट्यूनर कार्ड एका रात्रीत भंगार, आणि तेव्हापासून रेकॉर्डिंग करायचं तर बॉक्सवाला देईल तसं.

सगळेच बॉक्स असे नसतात, हे मुद्दाम सांगतो. गावच्या घरी डीडी फ्री डिश आहे, त्याचा बाजारातून घेतलेला साधा बॉक्स पेन ड्राइव्हवर सरळ टीएस फाइल (प्रसारण येतं तसंच्या तसं) देतो, कुलूप नाही काही नाही. सह्याद्रीवरचा कार्यक्रम तिथे रेकॉर्ड केला की तासाला साधारण पावणेदोन जीबी होते (पेन ड्राइव्ह फॅट32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीला तुकडा पडतो, घाबरू नका, तुकडे जोडता येतात). ती मी कन्व्हर्ट करायला हँडब्रेकमध्ये टाकतो. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, तेरा वर्षं खपून त्यांनी 2016 च्या डिसेंबरात 1.0 काढलं, एवढा धीर आपल्याकडे फक्त रस्ते बांधणाऱ्यांना. तासाचा कार्यक्रम चारशे एमबीच्या आसपास बसतो आणि सात इंचावर फरक कळत नाही.

दोन-तीन गोष्टी मात्र चुकून चुकून शिकलोय, कुणाच्या कामी आल्या तर बघा. टीव्हीचं चित्र एक आड एक ओळींनी येतं, ते तसंच कन्व्हर्ट केलं तर माणूस हलला की कडेला फणीचे दात दिसतात, म्हणून डीइंटरलेस चालू ठेवायचं. दुसरं, चित्र दिसतंय पण आवाजच नाही अशी तक्रार आईने किती वेळा केली असेल, ती टॅबची चूक नसते, टीव्हीचा आवाज बहुतेक एमपी टू नावाच्या जुन्या प्रकारात असतो आणि तो बऱ्याच टॅब-मोबाइलला कळत नाही, आवाज एएसी या त्यांना कळणाऱ्या प्रकारात केला की झालं. आणि फाइलमधलं चित्र आधीच एच 264 मध्ये, म्हणजे टॅब-मोबाइलला चालणाऱ्या प्रकारात असेल तर चित्र पुन्हा कन्व्हर्ट करत बसू नका, नुसतं टीएसच्या खोक्यातून काढून एमपी फोरच्या खोक्यात ठेवायचं, एफएफएमपेग नावाच्या सॉफ्टवेअरने दोन मिनिटांत होतं आणि क्वालिटी तशीच्या तशी राहते. पावसात सिग्नल गेलेला असेल तर ओठ आधी आणि आवाज मागून असं होतं, तेवढा खराब तुकडा कापून टाकावा लागतो, त्याला इलाज नाही.

तर सांगायचा मुद्दा, हे सगळं करणं गुन्हा आहे का? मी वकील नाही, पण कायदा काढून वाचलाय. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 39 सांगतं की स्वतःच्या खाजगी वापरासाठी केलेलं रेकॉर्डिंग म्हणजे प्रसारण करणाऱ्याच्या हक्काचा भंग नाही. अमेरिकेत तर हा वाद सोनीच्या बीटामॅक्सवरून थेट सुप्रीम कोर्टात गेला होता आणि 1984 मध्ये पाच विरुद्ध चार असा निकाल लागला की घरी टेप करून नंतर बघणं यात गैर नाही. पण आपल्याकडे 2012 च्या दुरुस्तीत कलम 65 ए आलं, कॉपीराइटचा भंग करायच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. आता माझा हेतू काय तर आईचं भजन आत्याला दाखवणं. तरीपण कुलूप तोडायच्या फंदात मी पडलो नाही, जमलंही नसतं आणि जमलं असतं तर ते पोलिसांना समजावत कोण बसणार. म्हणजे रेकॉर्ड करायला मोकळीक, पण केलेलं कुठे बघायचं ते बॉक्स ठरवणार.

लोक म्हणतात आता रेकॉर्डिंग कशाला, सगळं ॲपवर मिळतं. नाही मिळत. त्या चॅनलच्या ॲपवर मालिकांचे ढीगभर भाग आहेत, सकाळचा हा कार्यक्रम नाही, मी तीन वेळा शोधला, मेल केला, उत्तर नाही. ज्यात मोठा नट नाही ते कोण जपून ठेवतो?

पायरसीची भीती मला समजते. कुणी सिनेमा रेकॉर्ड करून टेलिग्रामवर टाकू नये, मान्य. मग लॉक ठेवा ना, पण लॉक ग्राहकाच्या खात्याला ठेवा, एका डब्याला कशाला? बॉक्स बदलला की जुनी रेकॉर्डिंग नव्यात चालली पाहिजेत, आणि घरातल्या एखाद्या टॅबवर किंवा मोबाइलवर न्यायची सोय पाहिजे. तेही जमत नसेल तर खोक्यावर जिथे 'रेकॉर्डिंगची सोय' असं ठळक छापता तिथेच खाली त्याच टायपात छापा की हे रेकॉर्डिंग फक्त याच बॉक्सवर दिसेल, बॉक्स गेला की गेलं. मला हे आधी माहीत असतं तर टीव्हीसमोर मोबाइल धरून बसलो असतो.

तसं एकाने केलं होतं म्हणा. मंडळातल्या एका काकूंच्या नातवाने सोफ्यावर बसून मोबाइलवर टीव्हीचं शूटिंग केलं होतं, सात मिनिटांचं, वाकडं, मध्ये कुकरच्या तीन शिट्ट्या आणि काकूंचा "अरे हलू नकोस" असा आवाज. ते मी आईच्या टॅबवर टाकून दिलं, एमपी फोरच होतं, कन्व्हर्टसुद्धा करावं लागलं नाही. गावाहून आत्याचा फोन आला होता, आईने तिला चार वेळा दाखवलं म्हणे, दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसरी, शिट्टी झाली की लगेच दिसते ती मी.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली (पूर्व)