“दहा इंची चेन” म्हणून काही नसतं रे!

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला आणि खरं सांगतो, आधी हसलोच. पोल सॉचा (लांब दांड्याच्या टोकाला छोटा चेनसॉ, फांद्या कापायला) बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, दहा इंची म्हणून तू “दहा इंची चेन” मागवलीस आणि ती आता बारवरून लोंबतेय. हसलो कारण मागच्या वर्षी मी पण हेच केलं होतं, लाजेने कोणाला बोललो नाही एवढंच.

बारची लांबी विसर. बघायचे ते तीन आकडे, पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची (बारच्या खाचेत बसणाऱ्या कड्यांची) संख्या. बहुतेक वेळा ते बारवरच कोरलेले असतात, पण काळं ऑइल आणि भुसा साचून दिसत नाहीत, म्हणून आधी फडकं मार. नसतील तर जुनी चेन घे, लागोपाठ तीन रिव्हेट धर, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतर मोज आणि अर्धं कर, तो पिच. पोल सॉला बरेचदा ३/८ इंची लो प्रोफाइल (कमी उंचीची) चेन असते, काही छोट्या बॅटरीवाल्यांना १/४ इंची. गेज म्हणजे त्या ड्राइव्ह लिंकची जाडी, ०.०४३ इंच (१.१ मिमी) किंवा ०.०५० (१.३ मिमी). जाड चेन पातळ खाचेत शिरतच नाही हे बरं, पातळ चेन मात्र रुंद खाचेत आरामात बसते आणि मग डुलत डुलत वाकडं कापते. आणि लिंक मोजताना खालचे टोकदार दात मोज, वरचे कापणारे नाही. ३९ आणि ४० मध्ये फरक एकाच लिंकचा, पण तेवढ्यात चेन लोंबते नाहीतर चढतच नाही.

बसवताना आधी बॅटरी काढ, हातमोजे घाल. बारच्या वरच्या बाजूला दातांची धार टोकाकडे बघायला हवी. मी एकदा उलटी बसवली, धूर निघाला पण फांदी काही कापली जाईना, आणि मी मशीनलाच शिव्या घालत बसलो! नट थोडे सैल ठेव, बारचं टोक वर उचलून धर, तसंच धरून स्क्रूने ताण दे आणि मग नट आवळ. चेन खाली लोंबायला नको पण हाताने ओढली तर सहज फिरायला हवी. नवी चेन पहिल्या काही फांद्यांतच ताणते, म्हणून थांबून गार होऊ दे आणि परत बघ. गरम असताना आवळलीस तर काम संपल्यावर सैल कर हं, गार होताना ती आकसते आणि बारला आवळून बसते.

आता धार. साध्या चेनसॉवर बोथट चेन माणूस रेटून चालवतो, इथे मात्र मशीन दांड्याच्या टोकाला आणि आपण खाली, रेटलं की दांडा वाकतो, खांदे जातात, बॅटरी पण भसाभस उतरते. चेन धारदार असली की मशीनच्या वजनानेच फांदी कापली जाते. खूण सोपी आहे, छिलके पडले तर ठीक, पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला की कानस काढ (तो भुसा सरळ डोळ्यात येतो, चष्मा घालत जा बाबा). ३/८ लो प्रोफाइलला ४ मिमीची गोल कानस, दातावरची तिरकी रेष धरून, साधारण ३० अंश, आतून बाहेर, प्रत्येक दाताला सारखेच हात. एका बाजूला जास्त घासलंस तर सॉ सरळ न कापता एकीकडे ओढतो. तीनचार वेळा धार लावून झाली की दातापुढचा उंचवटा पण सपाट कानशीने थोडा उतरव, तो दातापेक्षा ०.०२५ इंच खाली असावा, नाहीतर धार असून चेन नुसती घसरते.

बार अधूनमधून उलटा करून लाव, खाच आणि ऑइलचं भोक साफ कर. स्प्रॉकेटवर (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) खोल चरे पडले असतील तर तो पण बदल, नाहीतर नवी चेन पण लवकर खराब होईल. आणि गाडीतलं काढलेलं जुनं ऑइल अजिबात घालू नकोस, चेनचं चिकट ऑइलच घाल.

ती लोंबणारी चेन अजून फेकू नकोस. पिच आणि गेज जुळत असेल तर चेन दुरुस्त करणारा जादा लिंक काढून देईल. बारवरच्या आकड्यांचा फोटो पाठव, फडकं मारून मग.

तुझाच,
उलटी चेन बसवणारा