ड्राइव्ह नाही, रॉम! दादा, मनापासून थँक्यू

दादा, तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही, पण चारचौघांत थँक्यू म्हटल्याशिवाय मला राहवेना.

माझ्या बीबीसी मायक्रोत (१९८०च्या दशकातला एकॉर्न कंपनीचा घरगुती कॉम्प्युटर) फ्लॉपी ड्राइव्ह चालवणाऱ्या इंटेलच्या ८२७१ चिपच्या जागी ओपस कंपनीचा छोटा बोर्ड बसवलेला आहे, वेस्टर्न डिजिटलच्या १७७० चिपवाला. ८२७१ महाग, मिळायची मारामार आणि वर फक्त सिंगल डेन्सिटी, म्हणजे फ्लॉपीवर कमी डेटा मावणार, म्हणून त्याकाळी बऱ्याच कंपन्यांनी त्याच ४० पिनच्या सॉकेटात बसणारे असे बोर्ड काढले. माझी मशीन *कॅट (फायलींची यादी मागणारी कमांड) दिलं की तिथेच लटकायची. ज्याला विचारावं तो म्हणे ड्राइव्ह गेलीये, दुसरी बघ. तुम्ही मात्र आधी बोर्डाचा फोटो मागितलात आणि मग एकच प्रश्न, रॉम कोणाची आहे?

रॉम, म्हणजे फ्लॉपी चालवणारा प्रोग्राम ज्यात असतो ती चिप, होती एकॉर्नची. आणि मग तुम्ही जे समजावलंत ना, ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये इतकं सरळ वाचलं नव्हतं. एकॉर्नच्या पद्धतीत ड्राइव्ह निवडणारा कंट्रोल लॅच एफई८० या पत्त्यावर आणि चिपचे रजिस्टर (कमांड घेणारे, स्टेटस देणारे कप्पे) एफई८४ पासून, ओपसकडे बरोबर उलटं! म्हणजे रॉम बिचारी ड्राइव्ह निवडायला बाइट पाठवतेय आणि तो थेट चिपच्या डोक्यात कमांड म्हणून जातोय, स्टेटस वाचायला जावं तर तिथे भलतंच. चिप तीच असली तरी प्रत्येक कंपनीचा बोर्ड वेगळा, हे आधी कळलं असतं तर कितीतरी चांगल्या ड्राइव्ह भंगारात गेल्या नसत्या असं मला वाटतं.

वर तुम्ही स्वतः ओपसच्या रॉमची ईप्रॉम (पुसून पुन्हा लिहिता येणारी रॉम चिप) बर्न करून पोस्टाने पाठवलीत, काचेच्या खिडकीवर स्टिकर आणि त्यावर पेन्सिलीने व्हर्जन लिहिलेलं, पिन वाकू नयेत म्हणून काळ्या फोममध्ये खोचलेली. इतकं कोण करतं हो? बसवली, *कॅट दिलं, आणि फायलींची यादी धडाधड स्क्रीनवर. आता डबल डेन्सिटीत ८० ट्रॅकच्या फ्लॉपीच्या एका बाजूवर २०० ऐवजी ३६० केबी मावतंय.

जुने कॉपी प्रोटेक्शनवाले गेम थेट ८२७१ शीच बोलतात, ते यावर चालणार नाहीत, उगाच बोर्ड उचकटत बसू नकोस, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलंत त्यामुळे एक गेम अडला तरी मी शांत होतो.

पोस्टाचे पैसे किती झाले ते मात्र अजून सांगितलेलं नाहीत, विषय बदलू नका, सांगा.