आई, आजीची खाट टाकून देऊ नको

प्रिय आई, बाबांना नमस्कार,

मी मजेत आहे, जेवतेय नीट, काळजी करू नकोस. फोनवर निम्मं राहून जातं म्हणून लिहितेय. तू म्हणालीस घरात ढेकूण झालेत, आजीची खाटच टाकून देते, त्याबद्दलच. ढेकूण माझ्याच बॅगेतून आले असणार गं. तू नाही म्हणतेस, पण मी जूनमध्ये घरी आले तेव्हा बॅग थेट आजीच्या खाटेखाली सरकवली होती आणि नेमके तिथेच निघाले. फार वाईट वाटतंय. पण बाबांना सांग, माझी इथली खोली स्वच्छ आहे, ढेकूण घाणीमुळे होत नाहीत, सामानातून येतात, कुणाच्याही घरी.

तू म्हणालीस शेजारी कळू देऊ नकोस. इथे न्यूयॉर्कमध्ये उलटंच आहे. भाड्याने घर घेताना मालक एक फॉर्म देतो, त्यात गेल्या वर्षभरात या घरात ढेकूण होते का, बिल्डिंगमध्ये होते का, कितव्या मजल्यावर, औषध मारलं का, सगळं लिहून सही करावी लागते, 2010 पासून कायदाच आहे तसा. आणि गादी टाकायची तर प्लास्टिकमध्ये पूर्ण बंद करून, नाहीतर दंड. मला आधी कसंतरीच झालं, असं कोण लिहून देतं! पण मग पटलं, कारण ते भिंतीच्या फटीतून, वायरच्या पाइपातून पलीकडे जातात, एकाच घराने औषध मारून भागत नाही. म्हणून शेजारच्या काकूंना सांगच, त्यांनाही गादीची शिवण बघू दे, पेनाच्या शाईसारखे काळे ठिपके दिसले की समजायचं.

आजी खाटेच्या खाचांत उकळतं पाणी ओतायची ना, तेच खरं औषध आहे. 50 डिग्रीच्या वर गेलं की अंडीसुद्धा मरतात. पुण्याचं ऊन तेवढं पुरत नाही, गादी गच्चीत टाकली तरी ते आत खोल दडून बसतात. चादरी, अभ्रे, पडदे कडकडीत गरम पाण्यात धू, खाट भिंतीपासून लांब ओढ, चारी पाय पाण्याच्या वाट्यांत ठेव. आणि हॉलमध्ये झोपायला जाऊ नका, तुमच्या मागोमाग तिकडेही पसरतात.

पेस्ट कंट्रोलवाला एकदा येऊन चालणार नाही, औषधाने अंडी बहुतेक मरत नाहीत, आठ-दहा दिवसांत पिल्लं निघतात, त्यामुळे दोन आठवड्यांनी परत बोलवायचंच. रॉकेल नको. आणि बाबा, धान्यात ठेवतात त्या गोळ्या कुणी दिल्या तरी घरात अजिबात नकोत, हात जोडून सांगते, त्यांतून निघणाऱ्या वायूने माणसं मेलीयेत. तुम्हाला दम्याचा त्रास, त्यामुळे फवारणीच्या दिवशी आत्याकडे जा.

25 हजार पाठवलेत, दोन्ही वेळचे पैसे त्यातूनच दे, उरतील ते दादाच्या साखरपुड्याला. नको म्हणू नकोस. तुझ्या त्या कोथरूडच्या स्थळाचा फोटो बघितला, मुलगा बरा वाटतो, पण दिवाळीपर्यंत मला विचारू नकोस गं.

आणि आई, साखरपुड्याला यायचं जमत नाहीये. सुट्टी जूनमध्येच संपली, तिकीटही परवडत नाही. दादाला तू सांगू नकोस, रविवारी मीच फोन करते.

तुझी मनू

ता. क. मी आणलेली निळी बॅग अजून माळ्यावर असेल, तिच्या शिवणी आधी बघ.