मारायचे नाही, मग करायचे काय?

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परवा माझ्या सहा वर्षांच्या नातवाच्या हातून दुधाचा पेला उलटला. ओट्यावरचे फडके घ्यायला मी नुसता हात उचलला, तर त्याने दोन्ही कान घट्ट झाकून घेतले. आमच्या घरी मुलाला कोणी मारत नाही, असे त्या क्षणापर्यंत मी छातीठोकपणे सांगितले असते. एखादी चापट, पाढा चुकल्यावर फूटपट्टी, हे आम्ही मारण्यात धरतच नव्हतो. त्याच्या वडिलांनाही मी असेच वाढवले, याचे आज मला फार वाईट वाटते.

शाळेतल्या शारीरिक शिक्षेला शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने बंदी आहे. घराबाबत आपल्याकडे अशी स्पष्ट बंदी नाही. स्वीडनने १९७९ मध्ये ती घातली आणि त्याची माहिती दुधाच्या खोक्यांवरही छापली. पण बंदी असो वा नसो, दिवसभर राबून आलेल्या आईसमोर कुकरच्या शिट्ट्या आणि अर्धवट गृहपाठ असताना तिने हात उगारण्याऐवजी काय करावे, हे तिला कोणीतरी शिकवायला हवे.

पालक-प्रशिक्षणाचे वर्ग नेमके हेच शिकवतात. दर आठवड्याला पालकांचा छोटा गट जमतो. ‘नीट वाग’ म्हणण्याऐवजी ‘पेला दोन्ही हातांनी धर’ असे एका वेळी एकच सांगणे, चांगले वागल्यावर नेमके काय आवडले ते बोलून दाखवणे, रोज थोडा वेळ मूल म्हणेल तो खेळ खेळणे, स्वतःचा राग चढताना ओळखून क्षणभर बाजूला होणे, यांचा तिथे सराव होतो आणि घरी काय जमले नाही हेही पुढच्या आठवड्यात मोकळेपणाने सांगता येते. दक्षिण आफ्रिकेत गरीब कुटुंबांसाठी तयार झालेल्या अशा वर्गांनंतर पालकांचे मारणे कमी झाल्याचे चाचण्यांत दिसले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये असे कार्यक्रम पालकांना सहज उपलब्ध करून देण्याची शिफारस केली आहे. मात्र एका व्याख्यानाने हे साधत नाही. त्याला काही आठवडे आणि प्रशिक्षित मार्गदर्शक लागतात.

भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी शतकापूर्वीच मारझोडीवाचून मुले शिकवून दाखवली. आज बडोद्यात सयाजीराव विद्यापीठाचा मानव विकास आणि कुटुंब अभ्यासाचा विभाग आहे आणि मराठी मंडळांची सभागृहेही आहेत. या सर्वांनी मिळून मराठीत आणि गुजरातीत असा वर्ग सुरू करावा, आणि तो रविवारी ठेवावा, म्हणजे वडीलही येतील. आमच्या घरून मुलगा, सून आणि मी, अशी तीन नावे आजच धरावीत.

आपली नम्र,
एक आजी
दांडिया बाजार, बडोदे