ताई, त्या वीस बाइट्सबद्दल आभार

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

वाचनालयाच्या वार्षिक सभेत तुमच्या आभाराचा ठराव मंजूर झाला. इतिवृत्तात त्याची नोंद 'संगणकीय कामात तांत्रिक सहकार्य केल्याबद्दल' अशी आहे. ती मीच लिहिली. सभेपुढे याहून जास्त कसं सांगायचं ते त्या वेळी सुचलं नाही, आणि तेव्हापासून ती ओळ मला टोचते आहे. तुम्ही त्या दोन रात्री काय केलंत ते ज्यांना कळायला हवं ते सभेत नव्हते. एखाद्या जुन्या पीसीवर पतसंस्थेचं, शाळेचं किंवा आमच्यासारख्या वाचनालयाचं सगळं दप्तर सांभाळत बसलेली माणसं गावोगाव आहेत. म्हणून हे पत्र उघडं लिहितो आहे. तुमचं नाव घालू नका असं तुम्ही बजावलं आहे, ते पाळतो.

आमचा सर्व्हर तुम्ही पाहिला आहे. ग्रंथपालांच्या खोलीत लोखंडी कपाटाशेजारी तो असतो. त्यावर डेबियन ही लिनक्स सिस्टिम, डेबियनवर पोस्टग्रेस हा डेटाबेस, आणि पोस्टग्रेसमध्ये चाळीस हजारांच्या वर ग्रंथांची दाखल नोंदवही, सभासद, अनामती, वर्गण्या आणि रोजची देवघेव. डेबियन १३ आलं ९ ऑगस्ट २०२५ ला. दिवाळीत वाचनालय बंद असताना मी १२ वरून १३ वर गेलो. असं अपग्रेड झालं की जुनं पोस्टग्रेस १५ तसंच राहतं आणि त्याच्या शेजारी १७ येऊन बसतं. आपला डेटा नव्यात नेण्याचं काम आपल्यावर असतं. तेही मी केलं. डेटा नव्या आवृत्तीत नेणारं पीजी-अपग्रेडक्लस्टर चालवलं, डेटा १७ मध्ये गेला, प्रोग्रॅम ज्यावरून सर्व्हरशी जोडले जातात तो नेहमीचा ५४३२ पोर्ट नव्या सर्व्हरला मिळाला आणि जुना ५४३३ वर बंद होऊन बसला. सुट्टीनंतर देवघेवीची खिडकी उघडली आणि पहिल्याच सभासदाला पुस्तक बिनबोभाट गेलं. मला वाटलं, झालं.

अकरा दिवसांनी डिस्क भरत आली. एकाच डेटाच्या दोन प्रती होत्या, एक १५ ची आणि एक १७ ची. जुनी काढली की जागा होणार होती. जुना क्लस्टर, म्हणजे १५ चा सर्व्हर डेटासकट, पुसणाऱ्या पीजी-ड्रॉपक्लस्टरची ओळ टाइप करून ठेवली होती, एंटर तेवढा बाकी होता. अशा वेळी कुणाला तरी विचारावं म्हणून तुम्हाला फोन लावला. वेळ रात्री सव्वादहाची, आणि तुम्ही नुकत्याच जेवायला बसला होतात, हे मला नंतर कळलं.

"जुना क्लस्टर काढून टाकू ना?" मी विचारलं.

तुम्ही हो म्हणाला नाहीत आणि नाहीही म्हणाला नाहीत. "काल रात्रीचा बॅकअप केवढा आहे?" एवढंच विचारलंत.

"बॅकअप होतो की रोज. क्रॉनमध्ये आहे, ठरल्या वेळी आपोआप चालतो."

"होतो ते राहू दे. फाइल केवढी आहे ते बघून सांगा."

मी यादी काढली आणि वाचलं, "वीस."

"वीस काय, एमबी?"

"नुसतं वीस लिहिलंय."

तुम्ही क्षणभर गप्प झालात. मग अगदी शांत आवाजात म्हणालात, "ती एंटरची खिडकी तशीच राहू दे. तिला हात लावू नका. दुसरं टर्मिनल उघडा."

त्या आवाजाचे आभार मला सगळ्यात आधी मानायचे आहेत. माझे हात थरथरत होते. अकरा रात्रींच्या अकरा फाइली होत्या आणि प्रत्येक फाइल बरोब्बर वीस बाइट्सची होती. काहीच न मिळालेल्या जीझिपने, म्हणजे फाइल दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमने, बांधलेलं रिकामं पुडकं एवढंच असतं, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. तुम्ही रागावला असतात तरी मी काही बोललो नसतो. पण तुम्ही म्हणालात, "डेटा कुठे गेलेला नाही, तो १७ मध्ये जिवंत आहे. गेलाय तो फक्त बॅकअप. आता घाईने काही करायचं नाही." एवढ्या तीन वाक्यांवर मी खुर्चीत नीट बसलो.

मग तुम्ही मला कागद आणि पेन घ्यायला लावलंत. दुरुस्तीची एकही कमांड सांगण्याआधी तुम्ही प्रत्येक अवजाराला त्याचं व्हर्जन विचारायला लावलंत, आणि मी एकेक आकडा लिहीत गेलो. सर्व्हर: १७. टर्मिनलवर मी नुसतं पीजी-डंप (डेटाबेसची प्रत काढणारं अवजार) म्हटलं की मिळणारा: १७. आणि बॅकअपच्या स्क्रिप्टमधला? तिथे कुणीतरी पूर्वी पूर्ण वाट लिहून ठेवली होती, थेट १५ च्या फोल्डरातल्या पीजी-डंपची. अपग्रेडने तो फोल्डर काढला नव्हता, म्हणून अवजार सापडत होतं आणि चालतही होतं. तीच ओळ हाताने चालवल्यावर पडद्यावर आलं की सर्व्हर व्हर्जन मिसमॅच असल्यामुळे थांबतो आहे; सर्व्हर १७, पीजी-डंप १५.

मी तेव्हा चिडून म्हणालो होतो की दोन आकड्यांच्या फरकासाठी एवढा हट्ट कशाला. तुमचं उत्तर मी त्याच कागदावर लिहून ठेवलं आहे. नव्या सर्व्हरच्या आतल्या तक्त्यांत जुन्या पीजी-डंपला ठाऊक नसलेल्या गोष्टी असू शकतात. त्याने रेटून प्रत काढली तर ती अर्धवट असेल, आणि ती अर्धवट आहे हे आपल्याला गरजेच्या दिवशी कळेल. म्हणून तो सुरुवातच करत नाही. उलट दिशेने मात्र चालतं. नवा पीजी-डंप जुन्या सर्व्हरची प्रत काढू शकतो, १७ चा तर ९.२ पर्यंत मागे जातो. मला हे लगेच पटलं. दाखल नोंदवहीला नवा रकाना आला आणि जुन्या सवयीच्या माणसाने तिची नक्कल केली, तर तो रकाना गळतो, आणि नक्कल मात्र दिसायला पूर्ण दिसते. त्याने "मला हे जमणार नाही" म्हणून वही परत केलेली बरी.

पीजी-डंपने नकार दिला होता, आणि तो स्पष्ट शब्दांत दिला होता. तो आमच्यापर्यंत पोचला नाही याला आमची स्क्रिप्ट कारण होती. तिच्यात पीजी-डंपचं आउटपुट पाइपने जीझिपकडे जात होतं, आणि अशा साखळीत शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) शेवटच्या कडीचाच निकाल धरतो. जीझिपने रिकामं पुडकं व्यवस्थित बांधलं, म्हणून निकाल 'यशस्वी'. चूक झाल्याची सूचना मेलने यायला हवी होती, तर तीही कधीतरी कुणी डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, वळवून टाकलेली. साखळीतली कुठलीही कडी फसली तरी चूक धरणारं पाइपफेल लावायचं तर स्क्रिप्टची पहिली ओळ बदलून बॅश हा दुसरा शेल करायला हवा, कारण डेबियनवर साधा एसएच म्हणजे डॅश, आणि आमच्या डॅशला ते येत नाही, हेही तुम्ही जाता जाता सांगितलंत. शेवटी आपण पाइपच काढून टाकला. कस्टम फॉरमॅटमध्ये पीजी-डंप स्वतःच दाबून फाइल लिहितो, मग जीझिप हवा कशाला? आणि पूर्ण वाट काढून नुसतं पीजी-डंप लिहिलं. डेबियनचा रॅपर, म्हणजे त्या नावामागचा छोटा प्रोग्रॅम, चालू क्लस्टर बघून त्याला जुळणारा पीजी-डंप स्वतः निवडतो, तेवढं काम त्याच्यावर सोपवलं.

रात्री साडेअकराला खरी फाइल तयार झाली. मी म्हणालो, "आता काढू जुना?"

"ही फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून बघितली का?"

दुसरं मशीन म्हणजे कार्यवाहांच्या घरचं, आग-पाण्याच्या भीतीने तिथे ठेवलेलं. ते अजून डेबियन १२ वर होतं, म्हणजे पोस्टग्रेस १५. दुसऱ्या रात्री मी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन तिथे गेलो आणि प्रतीतून डेटाबेस पुन्हा उभा करणाऱ्या पीजी-रिस्टोअरला दिली. त्याने एक ओळ टाकून काम थांबवलं: अनसपोर्टेड व्हर्जन (१.१६) इन फाइल हेडर. मी फाइल बिघडली असं समजून बसलो. तुम्ही फोनवर विचारलंत, "लिहिणारा कोण आणि वाचणारा कोण?" कागद होताच. लिहिणारा १७, वाचणारा १५. त्या फाइलच्या रचनेला स्वतःचा एक क्रमांक असतो. पोस्टग्रेस १६ ने तो १.१५ केला, १७ ने १.१६, आणि १५ चं पीजी-रिस्टोअर दोन्ही वाचू शकत नाही. फाइल धडधाकट होती.

इथे मी सोपी वाट शोधली. फक्त क्लायंट, म्हणजे पीजी-रिस्टोअरसारखी अवजारं, १७ चा बसवला, सर्व्हर १५ च ठेवला. तुम्ही म्हणालात, "करून बघा, पण मला वाटतं तो ट्रान्झॅक्शन टाइमआउटवर अडखळेल." अडखळलाच. १७ चं रिस्टोअर सुरुवातीला ट्रान्झॅक्शन-टाइमआउट नावाचं सेटिंग लावतं, ते १७ मध्येच आलेलं, आणि १५ चा सर्व्हर म्हणाला की हे मी ओळखत नाही. ही एक चूक सोडून पुढे गेलं तर डेटा भरला जातो, हेही तुम्ही लपवलं नाहीत. पण संकटाच्या दिवशी पडद्यावरच्या चुकांपैकी कुठली सोडायची आणि कुठली नाही, हे ठरवत बसण्याची वेळ माझ्यावर येऊ नये म्हणून तिथेही सर्व्हर १७ च बसवूया, असं तुमचं म्हणणं. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या एपीटी भांडारातून तो डेबियन १२ वर सहज बसला. ही वाट मला सुरुवातीलाच सांगून तुम्ही अर्ध्या तासात फोन ठेवू शकला असतात. मला एकदा चुकून बघू दिलंत, म्हणून आज मला ते समजतं.

रिस्टोअर झाल्यावर मी उठणार होतो, तेवढ्यात तुम्ही आणखी एक गोष्ट विचारलीत. मुख्य सर्व्हरवर पीएसक्यूएल (डेटाबेसशी बोलायची खिडकी) उघडताना एखादी सूचना येते का? येत होती. कोलेशनचं, म्हणजे अक्षरक्रमाच्या नियमांचं, व्हर्जन जुळत नाही, डेटाबेस २.३६ वर तयार झाला आहे आणि सिस्टिम २.४१ देते आहे. अपग्रेड केल्यापासून रोज दिसत होती. मी ती वाचलीही नव्हती.

तुम्ही त्यावर दहा मिनिटं बोललात, आणि मला ती सगळ्या दोन रात्रींतली सर्वांत मोलाची वाटतात. शब्द कोणत्या क्रमाने लावायचे हे पोस्टग्रेस ग्लिबसीला, म्हणजे सिस्टिमच्या मूळ लायब्ररीला, विचारतं. इंडेक्स, म्हणजे शोधायची सूची, त्या क्रमाने रचलेला असतो. डेबियन १३ ने ग्लिबसी बदलली, आणि मी डेटा नेताना पीजी-अपग्रेडची पद्धत निवडल्यामुळे जुने इंडेक्स जसेच्या तसे नव्यात आले. क्रमाचा नियम कुठे बदलला असेल तर इंडेक्स एका क्रमाने रचलेला आणि शोध दुसऱ्या क्रमाने, आणि मग कपाटात असलेलं पुस्तक संगणक नाही म्हणून सांगतो. हे घडलेलं आहे, म्हणालात. २०१८ मध्ये ग्लिबसी २.२८ आली तेव्हा इंग्रजी क्रमवारीत '११' आणि '१-१' यांची जागा उलटी झाली. मी एकदम गप्प झालो, कारण आमचे कपाट क्रमांक असेच आहेत, मध्ये आडवी रेघ असलेले.

इंडेक्स तपासणारं पीजी-ॲमचेक चालवलं, त्याला कुठे दोष सापडला नाही. तरी तुम्ही सगळे इंडेक्स नव्याने बांधायला लावलेत आणि त्यानंतरच कोलेशन व्हर्जन ताजं करून ती सूचना बंद केलीत. आधी सूचना बंद करणं एका ओळीचं काम होतं. क्रम उलटा केला असता तर पडदा स्वच्छ झाला असता आणि आतलं काहीच तपासलं गेलं नसतं.

जुना क्लस्टर काढला तेव्हा रात्रीचा पाऊण वाजला होता. एंटर तुम्ही मलाच दाबायला सांगितलंत.

तो कागद आता देवघेवीच्या खिडकीच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. दर शनिवारी कार्यवाहांच्या घरी जाऊन आठवड्याची फाइल रिस्टोअर करतो आणि ग्रंथ, सभासद, देवघेव या तीन तक्त्यांतल्या नोंदी मोजून दोन्हीकडचे आकडे वहीत लिहितो. मला सुट्टी असेल तर कार्यवाहांची मुलगी ते करते. ती अकरावीत आहे आणि 'लिहिणारा कोण, वाचणारा कोण' हे तिला तोंडपाठ झालं आहे.

मानधनाबद्दल विचारलं तेव्हा तुम्ही विषय बदललात आणि म्हणालात, "माझं बालविभागाचं कार्ड होतं तुमच्याकडे, बघा सापडतंय का." त्या रात्री बघायचं राहून गेलं. गेल्या शनिवारी नोंदी मोजून झाल्यावर कार्यवाहांच्या मशीनवर, त्या रिस्टोअर केलेल्या प्रतीत, तुमचं नाव शोधलं. जुन्या रजिस्टरवरून चढवलेली नोंद आहे. सभासदत्व बंद झालेलं आहे, एकही पुस्तक येणं नाही, आणि अनामत परत नेलेली नाही. ती रक्कम पाकिटात घालून ग्रंथपालांच्या कपाटात ठेवली आहे. यंदाचे दिवाळी अंकही तुमच्यासाठी बाजूला काढले आहेत. गावी याल तेव्हा खिडकीवर या.

आपला नम्र,
देवघेव विभाग