मंत्रीसाहेब, पोळ्याला माझा कोठा रिकामा होता

मा. मंत्रीसाहेब, सप्रेम नमस्कार.

काल पोळा झाला. परवा सांजेला गावभर बैलांचे खांदे शेकले, लोक "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणत होते अन् माझी बायको हळद-तुपाची वाटी घेऊन रिकाम्या दावणीपाशी उभी होती. म्हणून लिहायला बसलो. शब्द कमीजास्त झाला तर माफ करा, पण आता गप बसवत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातला साडेचार एकरवाला कोरडवाहू कास्तकार. मे महिन्यात बायकोची पोत गहाण ठेवून बैलबाजारातून १ लाख १२ हजाराची जोडी घेतली. पावती खिशात. ऊन उतरल्यावर पिकअपमधून घरी आणत होतो तर रस्त्यात अडवलं. दोर आखूड बांधला, ढोरांच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट नाही, म्हणून प्राण्यांना निर्दयतेनं वागवल्याचा गुन्हा. कत्तलीला नेतो का म्हणून विचारलं मला! पेरणीच्या तोंडावर एवढी महाग जोडी कोण कत्तलीला नेते साहेब? सर्टिफिकेट नव्हतं ही माझी चूक, मी तिथंच कबूल केलं. गाडीत सहापेक्षा जास्त ढोरं भरू नये असा नियम आहे, मी दोनच आणत होतो, तेही माझ्याच वावरासाठी.

आता हिशोब ऐका. प्राण्यांना निर्दयतेनं वागवू नये म्हणून केलेल्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. अन् गुन्हा सिद्ध व्हायच्या आधीच माझी जोडी ३८ किलोमीटरवरच्या गोशाळेत, बैलामागं रोजचे २०० रुपये खुराकाचे, ९२ दिवसांचे झाले ३६ हजार ८००. वकिलाचे १५ हजार वेगळे. पेरणी ट्रॅक्टरनं केली पण उभ्या पऱ्हाटीत डवरा कोण हाकणार, भाड्याची जोडी मिळेपर्यंत तण गुडघ्याएवढं वाढलं. पन्नास रुपयाच्या कलमापायी माझा हंगाम गेला.

वकील म्हणाले त्याच कायद्याच्या कलम २९ प्रमाणं मालकाला दोषी ठरवल्यावरच कोर्ट जनावराची मालकी काढू शकते, पण २०१७ च्या नियमांनी केस चालू असतानाच ढोर संस्थेकडं देता येते अन् खर्च मालकाच्या बोकांडी बसते. जानेवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानंच केंद्राला बजावलं होतं की हे नियम कायद्याच्या विरुद्ध आहेत, बदला, ढोरं लोकांच्या पोटापाण्याचं साधन आहेत. तेव्हा सरन्यायाधीश आपल्या नागपूरचेच शरद बोबडे होते. मग माझी जोडी अजून तिथं काहून?

जो खरंच ढोराला छळते त्याला सोडू नका, माझं काही म्हणणं नाही. दंड वाढवा, ५० रुपयाला तो भीत नाही. पण सातबारा अन् बाजाराची पावती दाखवणाऱ्याची जोडी त्याच दिवशी ढोरांच्या डॉक्टरकडून तपासून लेखी घ्या अन् सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट सांगेल तेव्हा जोडी हजर करीन अशा लेखी हमीवर, परत द्या, खटला चालू द्या पुढं, मी प्रत्येक तारखेला हजर राहीन. अन् विधी सेवा समितीकडून गरिबाला मोफत वकील मिळते हे मला तीन महिन्यांनी चहाच्या टपरीवर कळलं, ते गुन्हा नोंदवतानाच कागदावर लिहून का देत नाही?

रानडुकरं वावर उकरते तेव्हा पंचनाम्याले कोणी वेळेवर येत नाही, कापूस मातीमोल जाते तेव्हा कोणाला कायदा आठवत नाही, पण कास्तकाराला आरोपी करायचं असलं की रातच्या अकरा वाजता सगळे हजर. आम्ही बैलाच्या आधी जेवत नाही साहेब. अन् निर्दय आम्ही?

पुढची तारीख १९ ला आहे. आता पिकअपवाला यायला तयार नाही, तोही सहआरोपी आहे. तुम्ही फक्त सुपूर्तनाम्याचं लवकर व्हायचं बघा, जोडी मी पायी घेऊन येईन.

आपला,
एक कास्तकार