भूकंपाचं अंतर सांगता, जमीनही सांगा

महोदय,

4 डिसेंबर 2024 ला सकाळी 7 वाजून 27 मिनिटांनी तेलंगणातल्या मुलुगूच्या भूकंपाने आमचा सिरोंचा तालुका हलला. आमच्या मांडणीवरचे पितळी डबे एकमेकांवर आपटले, रांजणातलं पाणी काठावरून सांडलं. त्याच गावात, अर्ध्या किलोमीटरवर टेकाडावर थोरल्या भावाचं घर आहे. तिथे फक्त दाराची कडी वाजली. दोन्ही घरं एकाच गवंड्याने बांधलेली. दुसऱ्या दिवशी बातम्यांत वाचायला मिळालं ते एवढंच: 5.3 रिश्टर, खोली 40 किलोमीटर, आणि नकाशावर केंद्रापासूनचं अंतर दाखवणारी वर्तुळं.

मी 22 वर्षं बोअर मारतो. माझं घर नदीच्या गाळावर आहे, 90 फूट केसिंग (माती ढासळू नये म्हणून बोअरमध्ये घालायचा पाइप) उतरवलं तेव्हा कुठे दगड लागला. भावाकडे 15 फुटांतच बिट दगडावर खणखणलं. वर्तुळात हा फरक येत नाही.

1993 च्या किल्लारीच्या भूकंपाची खोली 10 किलोमीटरच्या आसपास होती, त्यामुळे त्याने जवळच्या गावांचा घास घेतला. पण खोली 40 किलोमीटर असली की नेमका डोक्यावर उभा असलेला माणूसही 40 किलोमीटर लांबच असतो. मग जवळ-दूरचा फरक कमी पडतो आणि भूकंपाची लाट कुठल्या कुठल्या थरांतून वर आली ते महत्त्वाचं ठरतं. आमचं गोदावरी-प्राणहितेचं खोरं म्हणजे जुनी खचलेली दरी. दोन्ही काठांना कठीण खडक आणि मध्ये काही किलोमीटर जाडीचे वाळूखडक, चिकणमातीचे थर. आमच्याच तालुक्यातल्या वडधम गावचे जीवाश्म अशाच थरांतले. खडक बदलतो त्या सांध्यावर लाट वाकते, थोडी माघारी फिरते. आडवी हलवणारी लाट ग्रॅनाइटमध्ये सेकंदाला तीन किलोमीटरच्या वर धावते, मोकळ्या गाळात तीच दोन-तीनशे मीटरवर येते. वेग घटला की मागची ताकद पुढे साचते आणि झोका वाढतो. डबे आपटले ते त्यामुळे, असं मला वाटतं. दोन घरांवरून ठाम सांगता येणार नाही, म्हणूनच गावोगावची माहिती हवी.

पुढच्या वेळी तुमच्या वार्ताहरांनी लोकांना काय हललं हे विचारताना घराखाली गाळ, काळी माती की दगड, हेही विचारावं. ते आम्हा बोअरवाल्यांच्या वह्यांत लिहिलेलं असतं. माझ्या वहीत प्रत्येक बोअरचं गाव, केसिंगचे फूट आणि दगड कुठे लागला याची नोंद आहे. ती मी फुकट द्यायला तयार आहे. पावसाळ्यात मशीन उभीच असते, तेव्हा कोणीही यावं.

– एक बोअरवाला, ता. सिरोंचा, जि. गडचिरोली